बाबाले जागेपणी जाचं होतं

चौऱ्याहत्तर. बाबाच्या बोटाले लावलेल्या त्या ऑक्सिजनच्या चिमट्यावर चौऱ्याहत्तर दिसून राह्यलं होतं, अन् मी दारात उभी, कडेवर लेकरू, मास्क हनुवटीखाली, पायात एकच चप्पल, दुसरी कुठी गळली काय माहीत. बाबा खाली जमिनीवर बसलते, भिंतीले पाठ टेकून, पाय समोर लांब, डोळे उघडे. छाती अशी वरखाली, वरखाली. खोलीत भट्टी झालती, एप्रिलची दुपार, वर टिन, खिडकीले लावलेला ओला टॉवेल बी वाळून कडक झालता. मी वराडली, "बाबा!" तं त्याइनं हात वर केला. मले वाटलं, बोलावून राह्यले. पण नाही, तो हात बाहेर हो म्हणत होता. मंग लेकराकडं बोट केलं. मंग तेच बोट हालवलं, नाही, नाही. ते दुसरं नाही कायचं होतं, थे मले समजलं. गाडी बोलावू नोको. समजलं, तरी समजलं नाही असं केलं मी, अन् लेकराले छातीशी दाबून पळत अंगणात आली, अन् फोन काढला.

थांबा. असं सांगतलं तं तुमाले काहीच समजणार नाही, कोण बाबा, कायची गाडी. पहिल्यापासून सांगते. पहिल्यापासून बी नाही जमणार, जसं आठवंन तसं सांगते.

बाबा आमचे घरमालक. वणीले खदानीपासच्या वस्तीत त्याइचं घर होतं, एका रांगेत चार खोल्या किरायाच्या, अन् मांगं न्हाणीच्या बाजूले एक त्याइची, तिचं दार वेगळं. सारी जिंदगी जमिनीखाली काढली त्या माणसानं. खदानीत हवा तपासाचं काम होतं त्याइचं. हातात बत्ती घेऊन सगळ्याइच्या आधी आत जाचं, जोत लहान झाली का समजाचं हवा कमी हाये, जोत वर चढली का समजाचं ग्यास हाये, मंग बाकीच्याइले हो म्हणाचं का परत फिरा म्हणाचं. रिटायर झाले तरी ती सवय गेली नाही. कोणाच्या बी खोलीत शिरले का पहिले उंबरठ्यावर उभं राहून दोनदा हुंगत. पहिल्यांदा माह्या घरी आले तवा मले लय राग आला. मी म्हटलं, माह्या घराचा वास येते का काय या बुढ्याले? आमी तांड्यावरचे, फुलसावंगीकडचे, लगन होऊन नवी नवी आलती मी, कोणी नाक मुरडलं का जिवाले लागे. तं ते म्हणे, "खिडकी उघड, तीन नंबर. चुलीची हवा अंदर फिरून राह्यली."

तीन नंबर म्हणजे मी. बाबा कोणाले नावानं हाक मारत नव्हते, खोलीच्या नंबरानं मारत. आमी राहाले आलो तवा त्याइनं नाव नाही पुसलं, जात नाही पुसली, दोघाइच्या हातात एकेक पितळी बिल्ला देला. म्हणे, हा तुमचा. अंगणाच्या दरवाज्यापाशी एक लाकडाची पाटी होती, वरच्या रांगेत खिळे, खालच्या रांगेत खिळे. वरची रांग अंदर, खालची बाहेर. घरातून निंगालं का आपला बिल्ला खाली टांगाचा, आलं का वर. खदानीत असंच असते म्हणे, कोण खाली उतरलं, कोण वर आलं, थे बिल्ल्यावरून समजते. अन् एक नियम लय कडक. ज्याचा बिल्ला त्यानंच हालवाचा, दुसऱ्यानं हात लावाचा नाही. त्याइच्या वेळी एकानं आपल्या दोस्ताचा बिल्ला परस्पर काढला, दोस्त मांगून येऊन राह्यला म्हणून. सगळ्याइले वाटलं तो वर आला. कोणी पाहालेच गेलं नाही.

हे सांगताना बाबा कधीच पुढचं सांगत नव्हते. तेथीच थांबत.

आमाले पहिले हसू ये. एक नंबरमधी काकू राहे, एकटी, पापड लाटून विके, जीभ अशी का चाकू. ती म्हणे, "मी संडासले गेली तं बी बिल्ला हालवू का, बाबा?" बाबा म्हणे, "संडास अंगणात हाये ना? मंग अंदरच." पण सवय लागली ना सगळ्याइले. मी दूध आणाले गेली तरी हात आपोआप खिळ्याकडं जाये. नवरा कोळशाचा ट्रक चालवते, तो तं दारातून येता येता पहिले बिल्ला वर करे अन् मंग माह्याकडं पाहे. अन् त्या पाटीवर आमचा एवढा भरवसा बसला का माणसाले हाक माराच्या आधी आमी पाटी पाहो. बिल्ला खाली हाये ना, मंग तो घरी नाही. एवढं पक्कं.

बाबा विहारात जात, पुनवेले पांढरे कपडे घालून. पण ऐकत सगळ्याइचं. बाजारातल्या किराण्यावाल्या जैनानं सांगतलेलं अपरिग्रह बी सांगत, काकूच्या पोथीतलं फळाची आशा नोको ठेवू ते बी सांगत, अन् खदानीत त्याइच्या संग एक साधू झालेला मजूर होता म्हणे, त्याचं ते साक्षी होऊन पाहाचं बी सांगत. काकू म्हणे, "बाबा, तुमचा नेमका देव कोणता?" ते म्हणे, "जे कामी पडते थे घेतो. बत्ती कोणत्या कंपनीची हाये, हे अंधारात कोणी पुसते का?"

अन् एक खोड होती, ती सगळ्यात मोठी. स्वतःले ते 'मी' म्हणत नव्हते. 'हे शरीर' म्हणत. हे शरीर आता भाकर खाईन. हे शरीर बाजारात जाऊन येते. एकदा त्याइची दाढ दुखली, गाल असा सुजला, अन् अंगणात फिरता फिरता, "मेलो वं माय, मेलो" चालू. काकू आपल्या उंबरठ्यावर पापड वाळू घालत होती, तिथूनच म्हणे, "काहून हो बाबा, दाढ कोणाची दुखून राह्यली? शरीराची ना? मंग तुमी कायले वराडता?" बाबा थांबले. गालाले हात लावून हसाले लागले, हसता हसता डोळ्यात पाणी आलं, म्हणे, "पकडलं वं एक नंबरनं. दुखते शरीराले अन् वराडून मी राह्यलो. सत्तर वर्ष होत आले, अजून हेच नाही सुटलं." मंग दवाखान्यात जाऊन दाढ काढून आले. कागदाच्या पुडीत आणली अन् आमाले दाखवली. "पाहा, हा मी होतो सकाळपर्यंत." मले किळस आली, अन् हसू बी.

मंग तो रोग आला. सगळं बंद झालं. दोन नंबर अन् चार नंबरवाले आपापल्या गावाले निंगून गेले, राह्यलो आमी दोघी बाया अन् बाबा. नवरा ट्रक घेऊन तेलंगणात अडकलता. माह्या पोटात लेकरू. मी टीव्ही पाहे अन् हात धुवे, टीव्ही पाहे अन् हात धुवे, हाताची सालं निंगाली. रोज याडीले, माह्या मायले, तांड्यावर फोन लावे, अन् याडी तिकडून रडे, मी इकडून.

बाबानं सकाळी नऊ वाजता अंगणात बसाचं चालू केलं. मधात बादली उलटी ठेवून तिच्यावर ते बसत, आमी आपापल्या उंबरठ्यावर. पहिले हवा पाहाची. डोळे मिटाचे अन् नाकातून हवा आली, गेली, आली, गेली, एवढंच पाहाचं, दुसरं काही नाही. काकू म्हणे, "बाबा, मले तं फोडणीचाच वास येऊन राह्यला."

"मंग तो पाह्य. पण उठू नोको."

"जळंन ना हो कढई!"

"चूल विझवून बसाले कोणी मना केलं होतं? बसाच्या आधी इचार कराचा, बसल्यावर नाही. आता जळू दे."

जळाली भाजी. काकूनं दोन दिवस शिव्या देल्या. तिसऱ्या दिवशी चूल विझवून बसली.

मंग थोडं बोलत. एका गोष्टीच्या वर बोलत नव्हते. मास्क कायले, तं म्हणे मैत्री. "आपला मास्क आपल्याले वाचवाले नाही, समोरच्याले वाचवाले. त्याचा आपल्याले. हे ज्याले समजलं त्याले धम्म समजला, बाकी पाठ नाही केलं तरी चालते." गल्लीत एक जण वांगे साबणाच्या पाण्यात बुडवे, अन् दुसरा म्हणे वणीच्या उन्हात रोग टिकतच नाही, अन् तोंड उघडं घेऊन फिरे. बाबा म्हणे, "एक भेवानं येडा झाला, एक मस्तीनं. आपण मधातून चालाचं." काकूनं पिठाचे कट्टे भरून ठेवलते, छतालोक. बाबा फक्त रोज पुसत, "काय एक नंबर, पीठ बरं हाये ना?" मे महिन्यात पिठात जाळ्या झाल्या तवा काकूनं राह्यलेलं चाळून चाळून गल्लीत वाटलं, अन् बाबाले ठणकावलं, "तुमच्या ग्यानानं नाही वाटलं, जाळ्या झाल्या म्हणून वाटलं." बाबा म्हणे, "कारण तुह्यापाशी ठेव. पीठ लोकाइच्या पोटात गेलं, बस झालं."

पण सगळं मले पटे असं नाही. एक दिवस म्हणे, "हे बी जाईन. काही टिकत नाही." मले बरं वाटलं. मंग म्हणे, "आपण बी जाऊ." मी उठून घरात गेली, दार लावलं. पोटावर हात ठेवून बसली. मले त्या दिवशी वाटलं, या बुढ्याचं लेकरू पुण्यात मोठ्या कंपनीत बसलं हाये, याचं काय जाते असं बोलाले.

नवऱ्याचा फोन तीन दिवस बंद होता, तवाचं मात्र विसरत नाही. मी जेवलीच नव्हती. भाजी चुलीवर ठेवे अन् उतरवे. बाबा आले, दारापासून दूर उभे राह्यले, हुंगलं, म्हणे, "करपून राह्यलं काही."

मी म्हटलं, "करपू द्या. तो मेला असंन रस्त्यात."

"मले नाही माहीत. तुले माहीत हाये का?"

"नाही."

"मंग आता तुह्या हातात काय हाये?"

"काहीच नाही, बाबा."

"नीट पाह्य. उजव्या हातात?"

मी पाह्यलं. "चमचा हाये."

"मंग भाजी हालव."

मी भाजी हालवली. हालवता हालवता रडली, पण हालवली. ते तेथीच उभे राह्यले, मी दोन घास खाल्ले तवाच गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला, मोबाईल पाण्यात पडलता म्हणे. आज बी छातीत धडधड झाली का मी हाताकडं पाहते. कवा झाडू असते, कवा लेकराचा झबला.

लेकरू झालं, पोरगी. बाबानं तिले साडेतीन नंबर नाव ठेवलं. बारका बिल्ला बी बनवला, टिन कापून. तिची छाती हालते का नाही हे मी दर पाच मिनटाले पाहे. बाबा म्हणे, "ती श्वास घेऊन राह्यली, तूच बंद करते."

मंग दुसरा उन्हाळा आला, दुसरी लाट, अन् हे पहिल्यासारखं नव्हतं. गल्लीतले लोक जाले लागले. कोपऱ्यावरचा सायकलवाला दवाखान्याच्या गाडीत बसून गेला, हात हालवत गेला, अन् गेला तो आलाच नाही, त्याचा मोबाईल तेवढा आला प्लास्टिकच्या पन्नीत बांधून. त्याच्या बायकोनं पुसलं म्हणे, शेवटी काय बोलले? तं सांगतलं, बोलायच्या अवस्थेत नव्हते.

त्या दिवशी बाबानं मले अंगणात बोलावलं. काकूले नाही, मले. म्हणे, "तीन नंबर, एक काम हाये. ह्या शरीराले झालं, अन् श्वास कमी पडाले लागला, तं गाडी बोलावू नोको."

मी म्हटलं, "असं काय बोलता बाबा."

"ऐक. खदानीत ग्यासनं माणूस मरते तवा त्याले समजत नाही. बसल्या बसल्या झोप येते, गोड वाटते, अन् संपते. मी उचलले तसे माणसं. एकाच्या तोंडात बिडी तशीच होती. मराचं भेव मले तवाही नव्हतं, आताही नाही. असं न समजता जाचं भेव होतं. एवढे दिवस बसून बसून हवा पाह्यली थे कायले? शेवटची आली तवा पाहता यावं म्हणून. नळ्या लावून, सुया टोचून, झोपवून ठेवतीन तं मी कोणासाठी बसलो एवढे वर्ष? मले जागेपणी जाचं हाये. इथं. या भिंतीपाशी."

पहिल्यांदाच एवढं बोलले. अन् 'मी' म्हणून बोलले.

मी म्हटलं, "काकूले सांगा ना. मले नोको. मी भेवाडी हाये."

"म्हणूनच तुले. एक नंबर हुशार हाये, ती ऐन वेळेवर आपलं डोकं चालवंन. तू भेवाडी हायेस, सांगतलेलं विसरणार नाही. शपथ नोको घेऊ. फक्त हो म्हण."

मी हो म्हटलं. काय म्हणू? मोठा माणूस समोर उभा, अन् त्यानं कधी काही मांगतलं नव्हतं.

आठ दिवसांनी पाटीवर बाबाचा बिल्ला खाली दिसला. बाहेर.

काकू म्हणे, "बहिणीकडं गेले असतीन, मारेगावले." ते असेच जात, सांगून जात नव्हते. आमी काहीच नाही पाह्यलं. मांगं जाऊन दार बी नाही ठोठावलं. कायले ठोठावाचं, बिल्ला खाली होता ना. दुसऱ्या दिवशी बी खाली. मी त्याच्या बाजूनं चार वेळ गेली आली, आपला बिल्ला वरखाली केला, त्याइच्याले हात नाही लावला, नियमच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी लेकराचे लंगोट वाळू घालाले मांगच्या दोरीवर गेली तं न्हाणीच्या बाजूनं खोकला आला. मले वाटलं भास हाये. परत आला. दार लोटलं, तं ते भिंतीपाशी.

बिल्ला त्याइनंच खाली टांगलता. ताप आला तसा टांगला असंन. आमी अंदर येऊ नये म्हणून. माह्यं लेकरू त्या खोलीत येऊ नये म्हणून. ज्या माणसानं आमाले तो नियम शिकवला, त्यानंच खोटा बिल्ला टांगला, अन् आमी त्याइच्यावरच भरवसा ठेवून दोन दिवस बसलो.

आता मी अंगणात, फोन हातात. भिंतीवर त्याइच्या लेकाचा नंबर लिहून होता, थो लावला. तिकडून म्हणे, "कोण बोलतंय?" माह्या तोंडातून निंगालं, "मी तीन नंबर."

"काय? कोणता नंबर?"

"वणीहून. किरायानं राहतो. बाबाले लय झालं हो, चौऱ्याहत्तर दाखवून राह्यलं. अन् ते गाडी नोको म्हणतात."

तो म्हणे, "ताई, त्यांचं काहीही ऐकू नका. ते आयुष्यभर असंच बोलत आलेत. मी इथून बेड बघतो, तुम्ही गाडी बोलवा. प्लीज ताई."

काकू आपल्या दारातून वराडली, "बोलाव वं! बोलाव लवकर!"

मी बोलावली.

गाडीले दोन तास लागले. दोन तास मी त्याइच्या दारापासून दूर बसली, लेकराले काकूच्या घरी ठेवून, तोंडाले दोन मास्क. मी सांगतलं, "बाबा, गाडी बोलावली मी." त्याइनं डोळे माह्याकडं वळवले. रागावले नाही. मले वाटे रागवावं.

बऱ्याच वेळानं म्हणे, "कायले?" एकेक शब्दाले दम लागे.

"मले भेव वाटते."

"कायचं?"

मले खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "तुमी मराल याचं. माह्यासमोर मराल याचं. अन् माह्या लेकराले होईन याचं."

"यातलं... मोठं कोणतं?"

ते वाट पाहत राह्यले, जशी सकाळी नऊ वाजता पाहत. मी शेवटी म्हटलं, "लेकराचं."

त्याइनं मान हालवली. मंग लय वेळ फक्त श्वास. मले वाटलं झोपले, तं नाही, डोळे उघडे, ते पाहून राह्यले होते, आत काहीतरी. मंग म्हणे, "मले इथंच ठेव, तीन नंबर."

"नाही ठेवत," मी म्हटलं. "मी हो म्हटलं होतं, पण नाही ठेवत."

आयुष्यात मी कोणाले नाही म्हटलं नव्हतं. बापाले नाही, नवऱ्याले नाही, सासूले नाही. पहिलं नाही म्हटलं थे या माणसाले.

ते भिंतीकडं वळले, हात टेकला. मले वाटलं आता अडून बसतीन, अन् मी काय करीन, उचलू का ओढू. तं ते उठाले लागले. आपणहून. भिंत धरून उभे राह्यले. म्हणे, "जातो. तुह्यं भेव... खरं हाये. माह्यं... एक हट्ट होता."

पांढरे कपडे घातलेले दोघं जण आले, मास्क लावला, खुर्चीवर बसवलं. काकू लेकराले घेऊन दूर उभी होती, तिले बी रडू येत होतं अन् तरी म्हणे, "लवकर या बाबा, माह्यं भांडाचं बाकी हाये तुमच्याशी." त्याइनं दोन्ही हात जोडले. सगळ्याइले. गाडीले बी जोडले असं वाटलं मले. मंग दार लागलं.

बेड भेटला तो दूरच्या गावी भेटला. आमाले कोणी जाऊ देलं नाही. लेक पुण्याहून निंगू शकला नाही, त्याले बी झालतं. चौथ्या दिवशी फोन आला. मीच उचलला, कारण गाडीत बसवताना नंबर माह्याच लिहून देलता. तिकडची बाई चांगलं बोलली, थकलेली होती बिचारी, आवाजावरूनच समजे. मी पुसलं, "शेवटी काही बोलले का?" ती म्हणे, "ताई, ते दोन दिवसांपासून शुद्धीवर नव्हते. मशीनवर होते, झोपेचं औषध चालू होतं. त्यांना काहीच त्रास झाला नाही, काहीच कळलं नाही."

ती मले धीर देऊन राह्यली होती.

मी फोन ठेवला अन् अंगणात बसली. काहीच कळलं नाही. हेच तं नोको होतं त्याइले. सारी जिंदगी ज्याचं भेव होतं, त्याच्यापाशीच मी त्याइले गाडीत बसवून पाठवलं. नवरा ट्रक घेऊन तेथी गेला, त्याले लांबूनच दाखवलं, बांधलेलं. तो म्हणे, ते बाबाच होते का दुसरे कोण, मले नाही सांगता येत.

माह्या पोरीले दोन दिवस ताप आला, बाबा गेल्याच्या नंतर. त्या दोन दिवसात मी काय काय बोलली असीन, कोणाकोणाले, ते आठवत नाही. उतरला ताप. पोरगी वाचली. तिले तो रोग होता का साधाच ताप होता, कोणी तपासलं नाही. अन् ते वाचणं बी मले धड गोड लागत नाही. हे सांगाले लाज वाटते, पण खरं हाये.

लेक नंतर आला वणीले, कुलूप लावाले. मले म्हणे, "ताई, दोन दिवस आधी एकदा दार वाजवलं असतं तर." काकू, जी त्या दिवशी बोलाव बोलाव म्हणून वराडली, ती आता म्हणते, "बुढ्याचं मन होतं घरीच जीव सोडाचं, तू हो म्हटलं होतं म्हणे, मंग कायले पाठवलं?" तिले मीच सांगतलं होतं, रडता रडता. दोघंही खरं बोलतात.

आता आमी दुसऱ्या वस्तीत राहतो. सकाळी नऊ वाजता पोरीले शाळेत सोडून आली का दारात बसते, डोळे मिटते. हवा येते, जाते. दोन-चार वेळ जमते, मंग ते हात जोडलेले दिसतात. बाबा म्हणत, मनात जे येते त्याले ढकलू नोको, धरू बी नोको, येऊ दे. मी येऊ देते. पण ते जात नाहीत.

मी आठवीलोक शिकली. तत्त्वज्ञान मले येत नाही. एवढंच माहीत हाये का त्या माणसानं माह्यासाठी आपली एकुलती एक इच्छा सोडली, अन् सोडताना चिडला नाही, अन् मी त्याच्यासाठी माह्यं भेव नाही सोडू शकली. कोणी म्हणते, तू त्याले वाचवाचा प्रयत्न केला. मले आतून माहीत हाये, मी रोगाले घराबाहेर काढलं. का दोन्ही केलं? का एकही नाही?

तुमी सांगा. कडेवर सात महिन्याचं लेकरू हाये, नवरा घरी नाही, एकाच अंगणात खोली हाये, अन् समोर एक भला माणूस भिंतीले टेकून बोट हालवून राह्यला, नाही, नाही. अन् तुमी त्याले दहा दिवसाआधी हो म्हटलं हाये. फोन तुमच्या हातात हाये.

तुमी काय केलं असतं?